निदानाची वाट पाहताना: आठ महिन्यांचे पोटाचे दुखणे आणि मनावरचा भार

अबोली_माण | ५ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. शौचाच्या तक्रारीबद्दल चारचौघांत बोलू नये, हे आपण लहानपणापासून इतके पक्के शिकलेलो असतो की हा धागा लिहायला घेऊन मी तीनदा पुसून टाकला. आज मात्र लिहीत आहे, कारण यजमानांखेरीज घरात कोणालाही मी काही सांगितलेले नाही आणि रात्री एकटीने विचार करीत पडून राहण्याची माझी ताकद आता संपत आली आहे.

मी ३८ वर्षांची आहे आणि सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीनंतर पोट बिघडले, तेव्हा फराळाचे तळलेले पदार्थ बाधले असतील असे आम्ही धरून चाललो. गावातील डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, नंतर आवेच्या गोळ्यांचा कोर्स तीन वेळा दिला, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटून दुखणे पुन्हा पूर्वपदावर येत गेले. दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, पोटाच्या उजव्या बाजूला खाली कळ येते, संध्याकाळी अंग कोमट होते आणि मध्यरात्री पोटाच्या हाकेने जाग येते. वजन ५८ किलोवरून ५१ वर आले. एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन ९.२ निघाले, तेव्हा पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.

जूनमध्ये गुदमार्गातून दुर्बिणीची तपासणी झाली. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी व्रण दिसले आणि तेथील तुकडे काढून तपासायला पाठवले. अहवालात कर्करोगाच्या पेशी नाहीत, दीर्घकालीन दाह आहे, परंतु निश्चित कारण सांगता येत नाही, असे लिहून आले. डॉक्टर म्हणतात की हा आतड्याचा क्षय असेल किंवा क्रोन नावाचा, आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार असेल. सर्व तुकडे एकाच द्रवात ठेवले गेल्यामुळे जंतूंची तपासणी होऊ शकली नाही, म्हणून आता २० जुलैला दुसऱ्या ठिकाणी दुर्बीण पुन्हा करायची आहे.

माझे वडील नऊ वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. त्यांना तो निघाला तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. अहवालात ‘नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असतानाही रात्री दोन वाजता त्या कागदावर माझा विश्वास बसत नाही. आईला हे सांगितले तर ती पुन्हा त्याच दिवसांत जाऊन बसेल, म्हणून तिला सांगितलेले नाही, आणि भावाला सांगितले की आईला कळणारच, म्हणून त्यालाही नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. इतक्या तपासण्यांनंतरही डॉक्टरांना सांगता येऊ नये, हे असे खरोखरच होते का? आणि हे मधले दिवस आपण कसे काढलेत?

---

काचपट्टी | ६ जुलै, सकाळी ७.१५

अबोलीताई, मी एकतीस वर्षे रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, परंतु तुमचा तुकडा शरीरातून निघाल्यावर कोठे जातो आणि त्याला वेळ का लागतो, एवढे मी नक्की सांगू शकतो. माझ्या खिडकीसमोर उभे राहून ‘अहवाल आला का’ असे विचारणारे शेकडो चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यांना हे कोणी नीट समजावून सांगत नाही याचे मला नेहमी वाईट वाटत आले.

काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही आणि पेशींची रचना जशीच्या तशी राहते. मग त्यातील पाणी टप्प्याटप्प्याने काढून त्यात मेण भरावे लागते. मेणाची वडी तयार झाली की तिचे तीन ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घ्यायचे, ते काचपट्टीवर चढवायचे, रंगवायचे आणि मग डॉक्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे. संशय असेल तर त्याच वडीचे आणखी खोलवरचे काप घेऊन क्षयाच्या जंतूंसाठीचा वेगळा रंग द्यावा लागतो. यात चार-सहा दिवस जाणे म्हणजे दिरंगाई नव्हे.

आता तुमच्या पहिल्या तपासणीत जे झाले त्याविषयी. फॉर्मॅलिन जंतूंना मारून टाकते, त्यामुळे त्यात ठेवलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. त्यासाठी काही तुकडे निर्जंतुक सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत द्यावे लागतात आणि लगेच पोचवावे लागतात. ही चूक मी अनेकदा होताना पाहिली आहे. वीस तारखेला आत जाण्यापूर्वी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना शांतपणे विचारा की जंतूंच्या तपासणीसाठी सलाइनची बाटली ठेवली आहे ना. असे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

त्या बाटलीतील तुकड्याची दोन कामे होतील. जनुकीय तपासणीचे यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. दुसरे काम जंतू वाढवून पाहण्याचे, आणि खरी वाट तेथे पाहावी लागते. पोटातील साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, क्षयाच्या जंतूला त्याच कामाला अठरा ते चोवीस तास लागतात. म्हणूनच द्रवमाध्यमातील नमुना ४२ दिवस ठेवल्याशिवाय ‘वाढ नाही’ असे लिहिता येत नाही. त्या बेचाळीस दिवसांत तुमचा कागद कोणाच्या टेबलावर विसरलेला नसतो. नमुना उबदार पेटीत असतो आणि यंत्र त्याच्यावर सतत नजर ठेवून असते.

---

भिषक_गोदातीर | ६ जुलै, दुपारी २.३०

मी औषधवैद्यक शास्त्राचा डॉक्टर आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे आपले निदान मी येथे सांगणार नाही, परंतु आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, असे होते, आणि आपल्या देशात ते फार वेळा होते’ असे आहे.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर लसिकाग्रंथींचे, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठींचे, जाळे दाट असते आणि अन्नाचा रस तेथे बराच वेळ रेंगाळतो, म्हणून आतड्याचा क्षय बहुतेक वेळा तेथेच घर करतो. क्रोनच्या आजाराचीही ती आवडती जागा आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेही लहान आतड्याच्या याच शेवटच्या भागाचा आजार म्हणून. दोन्हींत व्रण होतात, आतडे अरुंद होऊ शकते, वजन उतरते, ताप येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींच्या गाठी दिसू शकतात. गाठीच्या मध्यभागी पनीरासारखा मृत भाग दिसला किंवा प्रत्यक्ष जंतू सापडला तर क्षय निश्चित होतो, परंतु इवल्याशा तुकड्यात तो प्रत्येक वेळी सापडत नाही. जनुकीय तपासणीत काही आढळले नाही म्हणजे क्षय नाहीच, असेही म्हणता येत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी आतड्याचा क्षय असू शकतो.

त्यामुळे डॉक्टर ‘अजून सांगता येत नाही’ म्हणतात तेव्हा ते बहुधा नेमके तेच सांगत असतात. घाई केल्यास येथे अपाय होऊ शकतो. क्रोनसाठी स्टिरॉइड, म्हणजे दाहाबरोबर प्रतिकारशक्तीही दाबणारे औषध, सुरू केले आणि मुळात क्षय असला, तर तो पसरण्याचा धोका असतो.

काही गोष्टी मात्र वाट पाहण्याच्या नाहीत. पोट डब्ब फुगून गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, सोबत उलट्या होणे, भरपूर रक्त पडणे, मोठा ताप, किंवा उठून उभे राहताना चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघा, डोके किंवा कंबर दुखते म्हणून आपण डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. त्या गोळ्यांनीही आतड्याच्या याच भागात व्रण होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. आई-वडिलांपैकी एकाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुलांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा त्या पालकाला ज्या वयात तो निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतील जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते. आपली तपासणी या निमित्ताने झाली. आपल्या भावाचे वय काय आहे?

---

अबोली_माण | ६ जुलै, रात्री ९.५०

काचपट्टी काका, डॉक्टर, आपल्या दोघांचे प्रतिसाद मी यजमानांनाही वाचून दाखवले. उबदार पेटीतील नमुन्याचे वाक्य मी दोनदा वाचले. डोकेदुखीसाठी मी एक गोळी महिन्यातून सात-आठ वेळा घेत होते आणि ती कोणालाच सांगितली नव्हती. तिचे वेष्टन उद्या सोबत नेते.

भाऊ ४१ वर्षांचा आहे, पुण्यात असतो. मला त्याला सांगावे लागेल हे समजते आहे, पण आत्ता तेवढे बळ नाही.

---

माईचे_परसदार | ७ जुलै, सकाळी ६.०५

बाळ, माझ्या सासूबाईंची संग्रहणी कुड्याच्या सालीच्या काढ्याने आणि बेलाच्या मुरांब्याने बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुर्बिणी आणि तुकडे यांनी शरीर अजून थकते. कुटजारिष्ट सुरू करून पाहा. आमच्या ओळखीचे एक जण पुड्या देतात, त्यांचाही अनेकांना गुण आला आहे.

---

भिषक_गोदातीर | ७ जुलै, सकाळी ११.२०

माई, आपली आस्था कळते. कुड्याची साल आणि बेल ही आपल्याकडची आवेवरची जुनी औषधे आहेत आणि त्यांचा उपहास मी करणार नाही. परंतु सात किलो वजन उतरलेल्या, ताप येणाऱ्या आणि रक्त कमी झालेल्या रुग्णाची तपासणी लांबणीवर टाकून ती घेणे योग्य होणार नाही. घ्यायचीच असतील तर पदवीधर वैद्यांच्या सल्ल्याने आणि पोटविकारतज्ज्ञांना सांगून घ्यावीत. ज्या पुड्यांवर घटकांची नावेच नसतात त्या मात्र मुळीच घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळून आलेले आहे आणि ते या रुग्णाला का घातक ठरू शकते, हे मी वर लिहिले आहे. गुण लवकर येतो तो कधीकधी त्याचमुळे.

---

नदीपल्याड | ७ जुलै, रात्री ८.१०

अबोलीताई, तुमचे दुखणे माझ्यापेक्षा वेगळे आहे, परंतु चिंता तीच आहे, म्हणून लिहितो. माझे सर्व अहवाल स्वच्छ आले. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असली की वाढणारा घटक, तोही मर्यादेत होता. अखेर संवेदनशील आतड्याचा विकार, ज्याला सगळे आयबीएस म्हणतात, असे निदान झाले. तोपर्यंत दीड वर्ष ‘तुझे सगळे मनाचे आहे’ हे वाक्य ऐकून मी इतका खचलो होतो की निदान मिळाल्यावर रडलो. मनाचे म्हणजे खोटे, असा अर्थ आपल्याकडे का घेतला जातो, मला कळत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचे बोलणे दोन्ही दिशांनी चालू असते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो याच वाटेने येतो. म्हणून खरोखर व्रण असलेल्या माणसालाही चिंतेने जास्त वेळा जावे लागू शकते, आणि चिंता थोडी कमी केली तर व्रण तेवढाच राहूनही दिवस सुसह्य होतो.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो. खाल्ल्यानंतर मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते आणि सकाळी ते सर्वांत जोरात होते. हे कळल्यावर मी चहा आणि नाश्ता घरातून निघण्याच्या पाच मिनिटे आधी घेण्याऐवजी दीड तास आधी घेऊ लागलो. बसमधील निम्मी धास्ती त्याने गेली. दुसरे म्हणजे रात्री मोबाइलवर आजारांची नावे शोधणे बंद केले. ते एकदम जमले नाही. मी एक वही केली आणि रात्री जो प्रश्न पडेल तो त्यात ‘डॉक्टरांना विचारायचे’ या मथळ्याखाली लिहून ठेवायचो. वहीत उतरलेला प्रश्न डोक्यात पुन्हा पुन्हा फिरत नाही. भेटीच्या दिवशी तीच वही उघडायची.

एकदा पहाटे तीन वाजता मला जगणेच नको वाटले होते. तेव्हा माझ्याजवळ कोणताही क्रमांक नव्हता. आता टेली-मानस ही शासनाची मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. पहाटे तीन वाजता आपल्याशी बोलणारे कोणी आहे, एवढे तरी माहीत असावे.

---

हिरवे_देठ | ८ जुलै, दुपारी १२.४५

मला क्रोनचा आजार आहे. माझ्या वेळी क्षयाचा संशय धरून औषधे सुरू झाली आणि ती नऊ महिने चालली. मधल्या काळात थोडे बरे वाटायचे, म्हणून सर्वांनी धरून चालले की औषध लागू पडते आहे. पुन्हा दुर्बीण झाली ती वर्षाने, आणि तोवर आतडे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ आली होती. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, त्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. मला एवढेच सांगायचे आहे की उपचार कोणताही सुरू होवो, पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की हे औषध लागू पडले की नाही हे आपण कधी आणि कशावरून पाहणार आहोत. नुसते बरे वाटण्यावर राहू नका. माझ्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नाही, मीही नाही.

आज माझी नोकरी चालू आहे, दोन मुले आहेत, दर काही आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते. क्रोन हे नाव ऐकून मी जेवढी घाबरले होते तेवढे ते भीतिदायक निघाले नाही.

---

भिषक_गोदातीर | ८ जुलै, सायंकाळी ६.००

हिरवे_देठ यांनी लिहिलेला मुद्दा या धाग्यातील सर्वांत मोलाचा आहे. निदान निश्चित होत नसेल तर क्षयाची औषधे देऊन प्रतिसाद पाहणे, ही आपल्याकडची मान्य रीत आहे, परंतु तिला मुदत हवी. साधारण दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. क्षय असेल तर व्रण भरत आलेले दिसतात. क्रोनमध्ये रुग्णाला बरे वाटत असूनही व्रण बहुधा तसेच असतात.

---

आंबील | ९ जुलै, सकाळी १०.३०

मी आहारतज्ज्ञ आहे आणि फक्त खाण्यापुरते लिहिते. असे रुग्ण एकेक पदार्थ सोडत जातात आणि सहा महिन्यांनी नुसत्या मऊ भातावर येतात. कृपया तसे करू नका, तुमचे वजन आधीच उतरले आहे. मेतकूट-भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे चालत असेल तर अंडे, शिजवलेला भोपळा, केळे, घरचे ताजे ताक, नाचणीची गाळलेली आंबील, हे थोडे थोडे करून पाच-सहा वेळा घ्या. दुधाने पोट फुगत असेल तर दूध थांबवून दही-ताक घेऊन पाहा, पुष्कळांना ते पचते. आतडे अरुंद झाले आहे का हे डॉक्टरांना विचारून मगच पालेभाज्या, कडधान्यांची टरफले आणि चोथा असलेली फळे किती घ्यायची ते ठरवा.

गहू बंद केला असेल तर सांगा. गव्हाच्या प्रथिनाने होणाऱ्या सिलिअक विकाराची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, आधीच सोडला तर अहवाल फसवा येऊ शकतो.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, वरणाचे वरचे निवळ पाणी चालते, पण कोकम सरबत घेऊ नका, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. तीळ आणि पेरू-टोमॅटोच्या बिया दोन-तीन दिवस आधीपासून टाळा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्या, त्यांनी आतड्याच्या भिंतीवर काळा थर राहतो.

---

अबोली_माण | ९ जुलै, रात्री ९.१५

गहू मी मे महिन्यातच सोडला होता. कोणी सांगितले नव्हते, मीच ठरवले होते. डॉक्टरांना फोनवर विचारले, त्यांनी पोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आहे.

आज आणखी एक केले. आमच्या मुख्याध्यापिकांना सांगितले. ‘पोटाचा आजार आहे, तपासण्या चालू आहेत, तास चालू असताना मला अचानक बाहेर जावे लागेल’, एवढी तीन वाक्ये मी घरून पाठ करून गेले होते. त्यांनी माझा वर्ग स्वच्छतागृहाजवळच्या खोलीत हलवला आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना माझ्या मुलांकडे लक्ष ठेवायला सांगितले. आठ महिने मी ज्या धास्तीत तास घेतले ती सात मिनिटांच्या बोलण्यात अर्ध्यावर आली.

एसटीचा प्रश्न मात्र राहतोच. दीड तासाच्या वाटेत बाईमाणसाने जावे अशी एकही जागा नाही. पिशवीत साबण, पाण्याची बाटली, एक जास्तीचा पोशाख आणि वर्तमानपत्र ठेवते. बहुतेक वेळा ते लागत नाही, पण जवळ आहे म्हणून कळ कमी येते असे वाटते.

---

सोबती_विदर्भ | १० जुलै, रात्री ११.००

ताई, मी रुग्णाचा नवरा आहे. माझ्या पत्नीला पाच महिने निदान मिळाले नव्हते. तुमच्या यजमानांसाठी एवढेच लिहितो की रोज ‘आज किती वेळा?’ असे विचारू नये. मी काळजीने विचारायचो आणि तिला तो हिशेब द्यावासा वाटत नसे. मग आम्ही स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ती खूण करील आणि मी फक्त पाहीन, असे ठरवले. वजन दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर. डॉक्टरांनी ती दिनदर्शिका पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहिली आणि रात्रीच्या खुणा वेगळ्या मोजल्या.

---

अबोली_माण | ६ सप्टेंबर, रात्री ८.३०

बरेच दिवस लिहिले नाही. वीस जुलैला दुर्बीण झाली. आत नेण्यापूर्वी मी सलाइनच्या बाटलीचे विचारले, तेव्हा परिचारिकेने ती मला हातात धरून दाखवली. जनुकीय तपासणीत काही आढळले नाही. तुकड्यात पेशींच्या दोन गाठी दिसल्या, पण मध्यभागी मृत भाग नाही. सिलिअकची तपासणी नकारात्मक आली. परवा बेचाळीस दिवसांचा अहवाल आला, जंतूंची वाढ नाही.

हा अहवाल घेऊन मी रुग्णालयाच्या जिन्यावर बसले आणि मला काहीच सुचेना. इतके दिवस ज्याची वाट पाहिली त्या कागदाने काहीच सांगितले नव्हते. मग वही काढली. हिरवे_देठ, आपला प्रश्न पहिल्या पानावर होता. डॉक्टर म्हणाले की ताप, कमी काळातले दुखणे आणि सीटी स्कॅनमध्ये दिसलेल्या लसिकाग्रंथी पाहता त्यांचा कल क्षयाकडे आहे, आपण औषधे सुरू करू आणि दोन महिने पूर्ण झाले की पुन्हा आत पाहू. तारीख त्यांनी तेथेच लिहून दिली.

औषधे शासकीय केंद्रातून विनामूल्य मिळतात. नोंदणीच्या वेळी पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये खात्यात येतील असे सांगितले आणि बँकेचे पासबुक घेतले. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली तेव्हा मी घाबरले नाही, कारण ते एका औषधाने होते हे आधीच सांगितले होते. मळमळ, डोळे पिवळे होणे किंवा दिसण्यात फरक वाटणे, यांवर लक्ष ठेवायचे आहे आणि यकृताची रक्ततपासणी करायची आहे.

---

काचपट्टी | ७ सप्टेंबर, सकाळी ७.००

‘वाढ नाही’ हा कागद हातात देताना मलाही नेहमी अवघड वाटत असे. पण त्या कागदामुळेच तुमच्या डॉक्टरांना पुढचे पाऊल टाकता आले, हे लक्षात असू द्या. नोव्हेंबरमध्ये कळवा. आणि भाऊ?

---

अबोली_माण | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

दुर्बीण झाली. व्रण बहुतेक भरले आहेत, एका जागी थोडी लाली आहे. डॉक्टरांनी पडद्यावर जूनचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवून दाखवले. क्षयच होता असे धरून औषधे सहा महिने पूर्ण करायची आहेत. वजन ५४ किलो झाले आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही, अजून दिवसातून दोन-तीनदा जावे लागते, पण रात्री उठावे लागत नाही.

भावाला मी सप्टेंबरच्या शेवटी सांगितले. फोनवर नाही, पुण्याला जाऊन. तो आधी रागावला, इतके महिने मी एकटीने काढले म्हणून. नंतर आईला त्यानेच सांगितले. ती रडली आणि दुसऱ्या दिवशी मेतकुटाचा डबा घेऊन माझ्याकडे आली, दोन आठवडे राहिली. ज्या दिवसांत ती परत जाईल याची मला भीती होती त्या दिवसांबद्दल आम्ही नऊ वर्षांत पहिल्यांदा बोललो.

भावाची तपासणी गेल्या गुरुवारी झाली. एक छोटा मस सापडला, तो तेथेच काढला आणि तपासायला पाठवला आहे. अहवाल अजून आलेला नाही. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, चार दिवस झाले तरी कळवत का नाहीत, असे विचारत होता. मी त्याला मेणाच्या वडीविषयी सांगितले, काप किती पातळ घेतात ते सांगितले, आणि वहीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवले. मग तो शाळेत असताना बाबा आम्हाला म्हसवडच्या यात्रेला न्यायचे त्याबद्दल आम्ही बोलत राहिलो. फोन ठेवला तेव्हा एक वाजून गेला होता.